मालक पुण्यात, चेंबर आपल्या दारात : बेवारस झालेल्या भाड्याच्या घराचं काय करायचं

कोल्हापुरात भाड्याची घरं नाहीत असा भाग नाही. सायबर चौक, राजारामपुरी, जवाहरनगर परिसरात विद्यार्थ्यांच्या कॉट बेसिसच्या खोल्या आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या वाटेवर कामगारांच्या खोल्या आहेत आणि जुन्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाडेकरूंचे वाडे आहेत. यातली बरीच घरं नीट चालतात. गल्लीला ताप होतो तो ज्या घराला विचारणारा धनी नाही त्याचा. भाडे दर महिन्याला ऑनलाइन जमा होतं, मालक पुण्यात किंवा मुंबईत असतो आणि घराकडे वर्षातून एकदा, डिपॉझिट परत करायच्या वेळी बघितलं जातं.

अशा घराबद्दल गल्लीची पहिली चूक ठरलेली असते, ती म्हणजे भांडण भाडेकरूशी होतं. भाडेकरू सहा महिन्यांनी जातो, नवा येतो आणि फुटलेला पाइप तसाच राहतो. त्यामुळे पुढची सगळी खटपट दोन गोष्टींसाठी आहे: दोष नेमका कुठे आहे ते लिहिणं आणि त्या दोषापुढे मालकाचं नाव, पत्ता आणि तारीख लावणं.

एका घराचा त्रास गल्लीभर कसा होतो

सांडपाण्यापासून सुरू करू, कारण तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा हिशोब माणशी दिवसाला १३५ लिटरचा असतो. पाच माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेल्या घरातून या हिशोबाने ६७५ लिटर पाणी वापरलं जातं. त्याच घरात १६ कॉट टाकल्या की वापर २१६० लिटरवर जातो. ड्रेनेज लाइन असेल तर चार इंची पाइप एवढं पाणी वाहून नेतो, पण त्याला साधारण ४० फुटांना एक फूट उतार लागतो. अडचण होते ती नंतर काढलेल्या संडास-बाथरूममुळे. पॅसेजमध्ये किंवा गच्चीवर काढलेल्या या बाथरूमची लाइन उतार न बघता जवळच्या चेंबरला, नाहीतर सरळ पावसाळी गटारीला जोडलेली असते. चेंबर तुंबला की पाणी मालकाच्या घरात शिरत नाही, उताराला असलेल्या शेजाऱ्याच्या दारात येतं.

उपनगरात जिथे सेप्टिक टँक आहे तिथलं गणित आणखी वाईट आहे. पाच माणसांची टाकी दोन-तीन वर्षांतून एकदा उपसायची असते. माणसं तिप्पट झाली की ती वर्षाच्या आत भरते. त्याहून मोठं नुकसान वेगळंच होतं. टाकीत मैला बसायला वेळ मिळत नाही, तो पाण्याबरोबर पुढे शोषखड्ड्यात जातो आणि तिथल्या मातीची भोकं बुजवतो. मग टँकर आणून टाकी उपसली तरी दोन महिन्यांत परत तेच. मालक म्हणतो, "आत्ताच तर उपसली!" तो खोटं बोलत नसतो. टाकी रिकामी झालेली असते, शोषखड्डा मेलेला असतो. दुरुस्ती शोषखड्ड्याची आहे, हे पत्रात लिहावं लागतं. टाकी उपसायला सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं मात्र २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी स्वस्तात माणूस उतरवायला निघालं तर लगेच थांबवा, आतल्या वायूने मिनिटांत जीव जातो.

दुसरं डासांचं. डेंगीचा डास घाणीत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. बंद खोलीतला भरलेला ड्रम, गच्चीवर झाकण नसलेली टाकी, मागचा भाडेकरू टाकून गेलेला कूलर, यांना कोरडा दिवस पाळणारं कोणी नसतं. हा डास फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच जातो. पण आपली गल्ली तेवढीच असते.

तिसरं, जुने वाडे. पांढऱ्या मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या दगडविटांच्या भिंतीला पाणी वरून मारतं. चार खापऱ्या सरकल्या की पाणी भिंतीच्या डोक्यातून आत उतरतं, आतली माती ढिली होते, भिंतीला पोट येतं आणि तुळईच्या टोकाला वाळवी लागते. चार खापऱ्या वेळेवर बसवण्याचा खर्च तो किती, पण महिन्याला शे-दोनशे भाडे येणाऱ्या वाड्यात तो करायला मालक तयार नसतो आणि "वाडा मालकाचा" म्हणून भाडेकरूही करत नाही. पुढे बोळात भिंत पडते तेव्हा खाली असलेला माणूस या दोघांपैकी कोणीच नसतो.

पूरपट्ट्यातल्या तळमजल्याच्या खोल्यांचाही वेगळा विचार करावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. शाहूपुरी, सुतारवाडा, दसरा चौक, नागाळा पार्कच्या खोलगट भागातल्या जुन्या रहिवाशांना किती फुटाला पाणी कुठे येतं ते तोंडपाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर राहायला आलेल्या भाडेकरूला ते माहीत नसतं आणि मालक सांगत नाही, कारण सांगितलं तर भाडे कमी येईल.

पहिलं काम: पंधरा दिवसांची नोंद

"त्या घराचा फार त्रास आहे" या अर्जावर कुठलाही अधिकारी काही करू शकत नाही. "सि. स. नं. (सिटी सर्व्हे नंबर) अमुक, मागच्या बोळातील चेंबर, दि. ३, ७ आणि १२ रोजी ओसंडला, मैला बोळात ४० फूट वाहिला" या अर्जावर त्याला काहीतरी लिहावंच लागतं. एक साधी वही घ्या. तारीख, वेळ, काय दिसलं, किती वेळ चाललं. फोटोत घराचा दरवाजा किंवा विजेचा खांब यासारखी ओळखीची खूण येऊ द्या. माणसांचे, खास करून मुलींचे आणि खोल्यांच्या आतले फोटो काढू नका आणि कुठलाही फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेऱ्यासह टाकू नका. अब्रुनुकसानीची नोटीस आली की मूळ तक्रार मागे पडते.

दोन-तीन चाचण्या घरच्या घरी होतात. सामाईक भिंतीला ओल असेल तर एक फूट बाय एक फूट प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून २४ तास चिकटवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती हवेतली वाफ आहे आणि शेजाऱ्याचा दोष नाही. अशा वेळी तक्रार मागे घेण्याची तयारी ठेवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा आणि मध्ये प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा द्या. पट्टा तडकला तर भेग चालू आहे. बाहेर गटारीत मैला कुठून येतो ते कळत नसेल तर आरोग्य निरीक्षकांकडून रंगाची चाचणी मागा: संडासात रंगीत पाणी सोडायचं आणि ते कुठे निघतं बघायचं. हे घरातल्या लोकांच्या संमतीनेच.

गच्चीवर पाणी साठवून गळती तपासायची पद्धत आरसीसी स्लॅबसाठी ठीक आहे. तोंड बंद करून एक इंच पाणी २४ ते ४८ तास ठेवतात. जुन्या लाकडी तुळयांच्या माळवदावर हा प्रयोग अजिबात करू नका. एक इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला २५ किलो ओझं.

दुसरं: मालक शोधणं

इथे बहुतेक गल्ल्या हरतात. "मालक कोण ते माहीत नाही" हे खरं नसतं. तो तीन कागदांवर असतो.

सगळ्यात जवळचा कागद भाडेकरूकडे. त्याच्या करारात मालकाचा पत्ता असतो आणि तो ज्या खात्यावर पैसे पाठवतो त्यावर नाव. म्हणून भाडेकरूशी पहिल्या दिवसापासून गोडीने बोला, तुंबलेल्या चेंबरचा त्रास त्यालाही आहेच. दुसरा कागद घरफाळ्याचा. त्यावर मिळकतीचा नंबर, धारकाचं नाव आणि वापर निवासी की वाणिज्य हे असतं. तिसरा नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका. कोल्हापूरच्या जुन्या शहराचं भूमापन ए ते ई अशा वॉर्डांत आहे, त्यामुळे नुसता सि. स. नंबर देऊन चालत नाही. वॉर्ड चुकला तर भलत्याच पेठेतली मिळकत हातात येते.

वाड्याच्या पत्रिकेवर बहुधा वारलेल्या आजोबांचं नाव निघतं, किंवा सात वारसांची यादी. एकाला पत्र पाठवलं की तो "माझा हिस्सा दोन आणे" म्हणतो. पत्र सगळ्यांना पाठवा. सहा जण गप्प बसतात, एक जण मात्र घाबरून फोन करतो आणि आपल्याला तो एकच हवा असतो.

घर शहराच्या कडेला असेल तर आधी हद्द तपासा. महापालिकेच्या हद्दीत असेल तर विभागीय कार्यालय: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी किंवा ताराराणी मार्केट. ग्रामपंचायतीत असेल तर सांडपाण्याचा विषय ग्रामपंचायतीकडे. शहराभोवतीच्या ४२ गावांतली बांधकाम परवानगी २०१७ पासून कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे गेली, हेही ध्यानात ठेवा. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनाभर पडून राहतो आणि मग "आमच्याकडे येत नाही" असं उत्तर येतं.

तिसरं: आधी फोन, मग पत्र

फोनवर आवाज चढवू नका. "साहेब, तुमच्या घराचा मागचा चेंबर पंधरा दिवसांत तीनदा भरला, फोटो पाठवलेत, प्लंबर तुम्ही पाठवताय की आम्ही नंबर देऊ?" एवढं पुरतं. लांब राहणाऱ्या मालकाची खरी अडचण पुष्कळदा हीच असते की इथे विश्वासाचा प्लंबर नाही. निम्मी प्रकरणं इथेच मिटावीत.

आठ दिवसांत हालचाल झाली नाही तर पत्र. ते असं असावं:

"श्री./सौ. ______ यांस,
आपल्या मालकीच्या सि. स. नं. ____, वॉर्ड __, या मिळकतीच्या मागील चेंबरमधून दि. __, __ व __ रोजी मैलामिश्रित पाणी सार्वजनिक बोळात आले. फोटो सोबत जोडले आहेत. दि. __ रोजी आपणास दूरध्वनीवरून कळवले होते. चेंबरची व जोडलेल्या लाइनची दुरुस्ती पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत करावी. स्थानिक देखभालीसाठी जबाबदार व्यक्तीचे नाव व क्रमांक कळवावा. तसे न झाल्यास महापालिकेकडे व सक्षम अधिकाऱ्यांकडे दाद मागावी लागेल."

खाली किमान पाच घरांच्या सह्या घ्या. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोचल्याच्या नोंदीचा प्रिंट जपून ठेवा. पत्रात "भाडेकरू काढा" हे वाक्य घालू नका. कोणाला ठेवायचं हा मालकाचा प्रश्न आहे. शिवाय "बॅचलर नकोत", "परप्रांतीय नकोत" असं एकदा लिहिलं की तुमची तक्रार चेंबरची राहत नाही. आवाजाचं असेल तर आवाजाचं लिहा: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. त्या रात्री लगेच बंद व्हायला हवं असेल तर पोलिसांचा ११२ नंबर.

चौथं: योग्य खातं

कचरा, मैला आणि डास यांसाठी विभागातले आरोग्य निरीक्षक. तुंबलेली मुख्य लाइन ड्रेनेज विभागाकडे, विनापरवाना वाढवलेल्या खोल्या आणि शेड नगररचना विभागाकडे. मीटरपेटी तापते, जळका वास येतो, एका मीटरवर दहा खोल्या ओढल्यात अशी तक्रार महावितरणच्या १९१२ वर. ही शेवटची तक्रार लोक टाळतात, ती टाळू नये: एक गिझर साधारण नऊ ॲम्पिअर घेतो, सकाळी सातला चार गिझर एका जुन्या वायरवर चालतात आणि आग लागली तर ती एका भिंतीपलीकडे थांबत नाही.

अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. "साहेबांना देतो" म्हणून ठेवून घेतलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. एका अर्जात एकच विषय असावा. चेंबर, वाढीव बांधकाम आणि पार्किंग एकत्र लिहिलं की तीन खाती ते एकमेकांकडे ढकलतात.

तीस दिवसांत काही कळलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. "कारवाई का केली नाही?" असं विचारू नका, "का" ही माहिती नसते. मागायचं ते हे: आवक क्र. ____ वरील टिपणी, स्थळपाहणीचा अहवाल, मालकाला दिलेल्या नोटिशीची प्रत. बरेचदा हा अर्ज पोचल्यावरच स्थळपाहणी होते. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथेही जाता येतं. मात्र न्यायालयात गेलेलं प्रकरण तिथे घेत नाहीत.

याच्या वरची पायरी फार कमी लोकांना माहीत असते. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली आहे. कोल्हापूर शहरासाठी करवीरच्या प्रांताधिकाऱ्यांकडे जायचं. रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये याच कलमाखाली सांगितलं की निधी नाही ही सबब उघड्या गटारीसाठी चालणार नाही. म्हणजे आदेश मालकाविरुद्ध जसा मागता येतो तसा दुर्लक्ष करणाऱ्या यंत्रणेविरुद्धही. फक्त त्रास सार्वजनिक हवा. बोळ, रस्ता, गटार चालेल. तुमच्या एकट्याच्या भिंतीची ओल इथे चालत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे.

धोकादायक वाडा: इथे घाई करू नका, पण वेळही घालवू नका

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायला आलेली इमारत उतरवण्याची नोटीस आणि कलम २६८ खाली ती रिकामी करण्याचा आदेश देता येतो. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्थैर्य प्रमाणपत्र लागतं, ते कलम २६५-अ. इमारतींचे वर्ग ठरलेले आहेत: सी-१ म्हणजे तातडीने पाडायची, सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ बी म्हणजे माणसं आत असताना दुरुस्त होणारी, सी-३ किरकोळ.

शेजाऱ्याने "धोकादायक आहे, पाडा" असा अर्ज दिला की कधी कधी मालकालाच आनंद होतो, कारण जुने भाडेकरू त्याला आयते बाहेर काढून मिळतात. म्हणून अर्जात "पाडा" लिहू नका, "संरचनात्मक तपासणी करून वर्ग ठरवावा आणि तोवर बोळाच्या बाजूला टेकू व अडथळे लावावेत" असं लिहा. आतल्या भाडेकरूंना तीन गोष्टी सांगा. एक, बाहेर पडण्याआधी कोणाच्या ताब्यात किती चौरस फूट जागा आहे याचा दाखला महापालिकेकडून घ्यायचा. दोन, इमारत पडली म्हणून भाडेहक्क आपोआप संपत नाही. सांगली-मिरज भागातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेच ठरवलं. तीन, भिंत सरकू लागली तर दाखल्यासाठी आत थांबायचं नाही.

दुरुस्तीचा हक्क भाडेकरूलाही आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम १४: मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. भाडे ६००० असेल तर वर्षाला १८,००० रुपये, एवढ्यात चेंबर आणि लाइन नक्की होते. जुन्या वाड्यात भाडे १०० असेल तर ३०० रुपये, त्यात खापऱ्याही येत नाहीत. तिथे चार भाडेकरूंनी मिळून नोटीस द्यावी आणि वारसांशी खर्चाची वाटणी लेखी ठरवावी. सूड म्हणून मालकाने पाणी किंवा वीज तोडली तर कलम २९ आहे, न्यायालय ती परत जोडायला लावतं.

कागद नसलेला भाडेकरू

"अकरा महिन्यांचा करार, नोंदणी लागत नाही" हा समज कोल्हापुरात घट्ट बसला आहे. तो चूक आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत करार लागतो, जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड. वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, हे मालकाला सांगितलं की तो पटकन ऐकतो. खर्चही मोठा नाही: महिना ८०००, डिपॉझिट ३०,००० असेल तर ०.२५ टक्क्याने मुद्रांक दोन-तीनशे रुपये आणि शहरी हद्दीत नोंदणी फी १०००. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा आदेश लागू असेल तर तीही मालकानेच द्यायची, ती मागत शेजाऱ्यांनी दारोदार आधार कार्डं तपासू नयेत.

अपार्टमेंट असेल तर देखभाल मालकाकडूनच वसूल करा, भाडेकरूकडून रोख घेऊ नका. सोसायटी नोंदलेली असेल तर बिगर-भोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो त्याबद्दलचं) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं. "भाडेकरू ठेवला म्हणून महिना दोन हजार" हे टिकत नाही आणि मग तो मालक सगळीच देखभाल थकवतो.

दुरुस्ती झाल्यावर

प्लंबर गेला त्या दिवशी फाइल बंद करू नका. सगळ्या खोल्यांतले नळ सकाळी सात-आठच्या दरम्यान चालू असतात तेव्हा चेंबरचं झाकण उघडून बघा आणि पहिल्या जोरदार पावसात पुन्हा एकदा बघा. पाणी झाकणाखाली किती इंच थांबतं ते वहीत लिहा. पूरपट्ट्यात असाल तर दारच्या भिंतीवर ऑइलपेंटने २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची रेघ आणि त्या शेजारी राजाराम बंधाऱ्यावरचे फूट लिहून टाका, म्हणजे नव्या भाडेकरूला विचारत बसावं लागणार नाही. आणि मालकाने नेमलेल्या माणसाचा नंबर मीटरपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. भाडेकरू बदलले तरी तो तिथे राहतो.